चित्र प्रवासात आहे

जर्मनीतल्या ज्या शहरात माझी मुलगी राहते, तिथलं आधुनिक कलेचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. आम्ही सोमवारीच गेलो. काचेच्या दारावरचा कागद वाचून ती म्हणाली, "बंद आहे. मी पाहायलाच विसरले." मी म्हणालो, आपल्या नागपूरच्या म्युझियमलाही, अजब बंगल्यालाही, सोमवारीच सुट्टी असते. आम्ही ट्रामच्या थांब्याकडे परत निघालो. मला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्या वर्षभरात बऱ्याच गोष्टी मला वाटायच्या राहून गेल्या होत्या.

मुलीला एक गोष्ट सांगायची असं ठरवून मी नागपूरहून निघालो होतो. ती संग्रहालयात सांगायची, हे विमानात ठरलं. तिचं घर म्हणजे एक खोली आणि खोलीतच स्वयंपाकाचा ओटा. तिथे सांगितलं असतं तर ऐकून तिला जायला जागा नव्हती. संग्रहालयात माणूस उठून दुसऱ्या दालनात जाऊ शकतो.

गोष्ट अशी. आदल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात माझी बायको आजारी पडली. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात ती नऊ दिवस होती आणि तिथेच गेली. त्या नऊ दिवसांत मी मुलीला फक्त ताप आहे एवढंच सांगत राहिलो. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला काहून नाही सांगितलं, असं तिने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आईच म्हणाली होती, तिला कळवू नका." हे खोटं होतं. आईने तिला बोलावलं होतं.

मी हे का केलं, ते सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माझं गाव मौद्याजवळचं, बायकोचंही त्याच बाजूचं. तिकडे दूर असलेल्या माणसाला वाईट बातमी कधी आहे तशी सांगत नाहीत. एक पायरी उतरवून सांगतात. ऐकणाराही एक पायरी आपल्या मनाने वाढवून घेतो. ताप आहे म्हटलं की दवाखान्यात नेलं असणार. दवाखान्यात आहे म्हटलं की जास्त आहे. आणि सिरियस आहे, निघून या, असं म्हटलं की माणूस गेला. माझे वडील गेले तेव्हा मी अमरावतीला होस्टेलवर होतो. काकांचा निरोप आला, "बाबांची तब्येत सिरियस आहे." मी पुस्तकं आवरली, खोलीतल्या मित्राला सुतकाचं सांगितलं आणि एसटीत बसलो. काकांनी खोटं सांगितलं असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी नीटच सांगितलं होतं.

बायको खरोखरच सिरियस झाली तेव्हा माझी पंचाईत झाली. मुलगी याच घरात वाढलेली. सिरियस म्हटलं असतं तर तिने आई गेली असंच धरलं असतं. तिने नोकरी बदललेली, राहण्याच्या परवान्यासाठी पासपोर्ट तिथल्या कचेरीत दिलेला, तो सोडवून आणावा लागला असता. डॉक्टर रोज म्हणत, दोन दिवस पाहू. मी दोन दिवस पाहत राहिलो. चौथ्या दिवशी बायकोने ऑक्सिजनचा मास्क बोटाने जरा वर उचलून विचारलं, "पोरीले बोलावलं का?"

मी म्हणालो, "हो. निघाली ती."

ही एवढीच गोष्ट. पण तिचा परिणाम असा झाला की मुलगी आईवर रागावली. माझ्यावर नाही. तेराव्याला घरात माणसं होती, तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता म्हणाली, "आईले मी नको होती शेवटी, तं नको. तिचं तिनं ठरवलं." तिची मावशी, म्हणजे माझी मेहुणी, तिथे चहा गाळत होती. हॉस्पिटलात ती रोज माझ्याबरोबर होती, तिला सगळं माहीत होतं. तिने गाळणी कपावर तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मी बैठकीत निघून गेलो.

नंतर वर्षभर मुलगी फोनवर माझ्या गोळ्यांची चौकशी करायची, नागपुरात बेसाच्या आमच्या फ्लॅटमधल्या पाण्याची चौकशी करायची, आईचा विषय काढायची नाही. वर्षश्राद्धाला आली नाही. मी तिच्याकडे पोचलो त्या दिवशी तिच्या खोलीच्या भिंती पाहिल्या. कॉलेजच्या मैत्रिणींचा फोटो होता, फुटाळ्याच्या तलावाचा होता, माझाही एक होता, लायब्ररीतल्या टेबलाशी बसलेला. आईचा नव्हता.

मला विमानतळावर सोडायला मेहुणी आली होती. ती बेसालाच, आमच्या मागच्या गल्लीत राहते. माझी बॅग ढकलत म्हणाली, "भाऊजी, लोणचं कपड्यात नका ठेवू म्हटलं होतं, तुम्ही ठेवलंच असन."

"पिशवीत बांधलंय दोन वेळा."

"अन् दुसरं? ते बांधलं का?" मी खिशातला पासपोर्ट चाचपला. "सांगून या. ते पोरगं आईवर राग धरून बसलं. मेलेल्या बाईले तिची बाजूही सांगता येत नाही. तुम्ही नाही सांगतलं तं मी सांगन, अन् मी सांगतलं तं ते तुम्हाले जास्त लागन."

मी बरं म्हणालो आणि आत गेलो.

संग्रहालयात जायचं कारण बायकोच होती. ती नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मी कॉलेजात ग्रंथपाल. तिच्या अभ्यासक्रमाच्या एका जुन्या पुस्तकात एक चित्र होतं: खिडकीशी बसलेली बाई, चेहरा म्हणजे नुसत्या दोन पट्ट्या, मागे पडदा. पुस्तक काळ्या-पांढऱ्या छपाईचं, त्यामुळे सगळं चित्र करडं. तीस वर्षं ती ते चित्र फळ्यावर काढून द्यायची आणि मुलांना म्हणायची, रंग तुम्ही ठरवा. कोणी पडदा पिवळा करायचं, कोणी गुलाबी, एकाने त्यावर दुर्वांच्या जुड्या काढल्या होत्या. दरवर्षीचे गठ्ठे आमच्या माळ्यावर असायचे.

मुलगी त्या शहरात नोकरीला लागली आणि कळलं की ते चित्र तिथेच आहे. मुलीने लगेच विचारलं, फोटो काढून पाठवू का? बायको म्हणाली, "नको. फोनवर पाहाले तीस वर्षं थांबली का मी? रिटायर झाली की येतो." मुलगीही मग ते चित्र पाहायला गेली नाही. आई आल्यावर दोघी मिळून पाहू, असं ठरलं. पडदा कोणत्या रंगाचा आहे हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

बायकोला पडद्यापेक्षाही चित्राची कड पाहायची होती. ती मला समजावून सांगायची, "अवो, छापताना कड कापतेत. रंग कुठं थांबला, ब्रश कुठं उचलला, हे पुस्तकात दिसतच नाही." मी तिला आमच्या बाइंडरचं सांगायचो. जाड ग्रंथ बांधायला दिला की तो कटाई करताना समासासकट टिपांचे आकडे कापून आणायचा. ती म्हणायची, "तुमचा बाइंडर अन् माझा छापखाना एकाच गावचे दिसतेत."

मंगळवारी आम्ही परत गेलो. कोट आणि पिशवी खाली ठेवायची होती. तिथल्या बाईने मला एक पितळी बिल्ला दिला, आमच्या लायब्ररीत वाचकांच्या पिशव्यांसाठी द्यायचो तसाच. ऐकायचं यंत्रही दिलं. चित्राशेजारच्या पाटीवर आकडा असतो, तो दाबला की कानात इंग्रजीत माहिती येते. मुलीने गळ्यात पट्टा अडकवून दिला आणि म्हणाली, "हळू हळू पाहा. घाई नाही. पाय दुखले तर बसा."

दालनं मोठी होती, भिंती पांढऱ्या, आणि माणसं कमी. एका भिंतीवर नुसता काळा चौकोन होता. एका ठिकाणी जमिनीवर लोखंडी पत्रे अंथरले होते. लोक त्यांच्यावरून चालत होते आणि ते चालत होतं. मी प्रत्येक चित्रासमोर उभा राहायचो, आकडा दाबायचो, ऐकायचो, पुढे जायचो. चांगलं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. हॉस्पिटलच्या बाकावर नऊ दिवस बसल्यानंतर माझं असं झालं होतं. डोळ्यांसमोर जे येईल ते पाहायचं. तिथे समोर आगीच्या वेळी काय करावं याचा तक्ता होता, तो मला अजून पाठ आहे.

तिसऱ्या दालनात कानातली बाई म्हणाली, घोड्याच्या मानेकडे लक्ष द्या. माझ्यासमोर फळांचं ताट होतं. आधुनिक चित्र आहे, घोडा असेलच कुठेतरी, असं समजून मी शोधत राहिलो. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"काय शोधून राहिले बाबा?" मुलीने मागून विचारलं.

"घोडा."

तिने माझं यंत्र पाहिलं, भिंतीवरची पाटी पाहिली. पाटी चित्राच्या डाव्या हाताला होती. मी पहिल्या दालनापासून उजव्या हाताची, म्हणजे पुढच्या चित्राची पाटी वाचत आलो होतो. "म्हणजे आतापर्यंत सगळं चुकीचं ऐकलं तुम्ही?"

"सगळंच."

"अन् काही वाटलं नाही?"

"सगळं जुळत होतं," मी म्हणालो.

ती हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. हसताना ती आईसारखी दिसते, हे मी विसरलो होतो. यानंतर सांगणं जास्त अवघड झालं. मी पाहिलं, की आता ती माझ्याजवळून चालते आहे, आणि हे जवळून चालणं आणखी एखाद्या दालनापुरतं टिकवावं असं मला वाटलं. वर्षभरात मला वाटलेली ही पहिली गोष्ट असेल.

पुढच्या दालनात मी एका चित्राची कड पाहायला वाकलो. निळा रंग कॅनव्हासच्या टोकाच्या आधीच थांबला होता आणि खाली बोटभर कोरं कापड राहिलं होतं. बायको म्हणायची ते खरं होतं, हे कुठल्याही छापील चित्रात दिसलं नसतं. तेवढ्यात छताजवळून पी-पी असा आवाज आला. पांढऱ्या मिशांचा एक पहारेकरी आला आणि त्याने बोटाने जमिनीवरची करडी रेघ दाखवली. माझे दोन्ही बूट रेघेच्या आत होते. मुलीने जर्मनमध्ये माफी मागितली. त्याने मान डोलावली आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, मास्तर आहेत का? मास्तर लोकच एवढं वाकून पाहतात."

"सांग, मास्तरणीचा नवरा आहे म्हणून."

तिने ते त्याला सांगितलं नाही.

बायकोचं चित्र वरच्या मजल्यावर, शेवटच्या दालनात होतं. मुलीने नकाशात जागा पाहून ठेवली होती. आम्ही आत गेलो. तीन भिंतींवर चित्रं होती. चौथ्या भिंतीवर दोन खिळे होते, त्यांच्याखाली भिंतीचा रंग जरा ताजा राहिलेला चौकोन, आणि बाजूला एक छोटी पाटी. या वेळी मी डाव्या हाताचीच पाटी पाहिली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

मुलीने वाचलं. मग मला मराठीत सांगितलं, "हे चित्र सध्या प्रवासात आहे. दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेलंय. वसंतात परत येईल."

आम्ही दोघं खिळ्यांकडे पाहत उभे राहिलो. समोर एक बाक होता, मी त्यावर बसलो.

"आईचं नशीब पाहा," ती म्हणाली. "आली असती तरी हेच दिसलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तसंही तिनं ठरवलंच होतं, कोणाला भेटायचं अन् कोणाला नाही."

मी म्हणालो, "तिने तुला बोलावलं होतं."

"कोणी?"

"आईने. चौथ्या दिवशी. पोरीले बोलावलं का, असं विचारलं."

"तुम्ही तर म्हणाले होते की तीच..."

"ते मी म्हणालो. ती तसं म्हणाली नव्हती. ती तुझीच वाट पाहत होती."

हे मी भिंतीकडे पाहत बोललो. आवाज माझा नेहमीचाच होता, वाचकाला पुस्तक बाहेर गेलंय असं सांगावं तसा. मुलीने गळ्यातलं यंत्र काढलं आणि त्याची वायर त्याच्याभोवती गुंडाळायला लागली. पूर्ण गुंडाळून झाली, मग सोडून पुन्हा गुंडाळली.

"मग तिने विचारलं तेव्हा तुम्ही तिला काय सांगितलं?"

"निघाली म्हणून."

ती शेजारच्या दालनात निघून गेली. याचसाठी ही जागा निवडली होती, तेव्हा मी तिच्यामागे गेलो नाही.

मी किती वेळ बसलो माहीत नाही. मध्ये एक नवरा-बायको आले, साठीचे असतील. मी एकटक समोर पाहतो आहे हे पाहून तेही खिळ्यांसमोर उभे राहिले. बाईने दोन पावलं मागे जाऊन डोकं तिरकं केलं. नवऱ्याने फोटो काढला. मग बाईने पाटी वाचली आणि नवऱ्याच्या दंडावर चापट मारली. दोघं हसत गेले. दाराशी उभ्या पांढऱ्या मिशांच्या पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

मुलगी परत आली तेव्हा तिचे केस कपाळाजवळ ओले होते. तोंड धुऊन आली असावी. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसांची जागा.

"चौथ्या दिवसापासून मी निघालेली होते," ती म्हणाली. "मग कुठपर्यंत पोचवलं मला?"

मी गळ्यातल्या यंत्राचा पट्टा सरळ केला.

"ती रोज विचारत असेल नं? तुम्ही रोज काहीतरी सांगितलं असेल. चौथ्या दिवशी मी कुठे होते?"

"निघाली म्हणजे तिकीट पाहून राहिली होतीस."

"अन् ती काय म्हणाली?"

"म्हणाली, स्वस्त-महाग पाहत बसू नको म्हणा. भेटल ते घे."

"पाचव्या?"

"विमानात बसलीस. तिने विचारलं, खिडकी भेटली का? मी म्हटलं, भेटली."

"मला खिडकी आवडत नाही आता. तिला माहीत नव्हतं." ती थांबली. "सहाव्या?"

"दुबईत अडकलीस. धुकं होतं."

"धुकं? पोळ्याच्या दिवसांत, दुबईत?"

"मला दुसरं काही सुचलं नाही. तिने ते विचारलं नाही. स्वेटर हाताशी ठेवला का तिनं, असं विचारलं. तूच कधीतरी तिला सांगितलं होतंस, त्या विमानतळावर फार गार असतं म्हणून."

"सातव्या?"

"मुंबई. पण तुझं सामान आलं नाही."

"सामानाचं कशाला मध्ये आणलं?"

"एक दिवस काढायचा होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला तिला असंही सांगायचं होतं, की अकरा वाजता आणि पाच वाजता, दोनच वेळा आत सोडायचे, आणि मधला सगळा वेळ मी बाकावर बसून पुढचा टप्पा ठरवायचो. पण ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

"आठव्या दिवशी?"

"नागपूरला उतरलीस. संध्याकाळी पाचला मी आत गेलो तेव्हा सांगितलं, आत्ताच उतरली. घरी गेली, हातपाय धुऊन येते."

"अन् खरंच फोन करावा असं तेव्हाही वाटलं नाही तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी करणार होतो. डॉक्टर म्हणाले, उद्या मास्क थोडा वेळ काढून पाहू. मी म्हटलं, उद्या ती स्वतःच बोलेल तुझ्याशी. मग उद्याच करू."

नवव्या दिवशी सकाळी, अकरा वाजायच्या आधीच, त्यांनी मला आत बोलावलं. त्यानंतर मी मुलीला फोन केला. मी म्हणालो, "आई सिरियस आहे." ती म्हणाली, "किती वाजता गेली?" त्या दिवसाचं दोघांनाही माहीत होतं, म्हणून तिने नवव्या दिवसाचं विचारलं नाही.

मग तिने विचारलं, "तिला खरं वाटलं होतं का हे सगळं?"

याचा विचार मी वर्षभर केला होता. बायको मौद्याकडचीच. तिकडची रीत तिला माझ्याइतकीच ठाऊक. निघाली म्हटलं की अजून कळवलेलं नाही, धुकं म्हटलं की काही खरं नाही, हे तिने मनातल्या मनात वाढवून घेतलं असू शकतं. किंवा नसेलही. मास्कमध्ये चेहरा दिसत नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"आठव्या दिवशी ती काय म्हणाली? मी उतरले म्हटल्यावर?"

"म्हणाली, तिले म्हणा आधी जेवून घे. भूक लागली तरी सांगत नाही ते पोरगं. मी काही पळून नाही जाऊन राहिली."

मुलगी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. तिचे हात हलले नाहीत. थोड्या वेळाने ती उठली आणि दाराशी उभ्या पहारेकऱ्याकडे गेली. काहीतरी विचारलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, हनुवटी चोळली, एक शब्द बोलला, मग मान हलवली आणि दुसरा शब्द बोलला. ती परत आली.

"पडद्याचा रंग विचारला," ती म्हणाली. "म्हणतो, हिरवा. मग म्हणतो, नाही, निळा असेल. बावीस वर्षं याच मजल्यावर आहे म्हणे."

"खाली दुकानात त्याचं कार्ड मिळत असेल," मी म्हणालो.

"असेल." तिने माझं यंत्र माझ्या गळ्यातून काढून घेतलं. "चला. खाली कॅन्टीन आहे. जेवून घेऊ."

कॅन्टीनमध्ये तिने दोन वाट्या सूप आणि पाव घेतला. माझ्यासमोर माझी वाटी ठेवली, चमचा ठेवला, मिरपूड सरकवली. ती जेवायला लागली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. सूप संपवलं, पाव संपवला, माझ्या ताटलीतला पाव उचलला आणि तोही संपवला. सगळा वेळ खाली पाहत जेवली. मी जेवलो की नाही, आठवत नाही. जाताना दुकानावरून गेलो. दाराशी कार्डांचा गोल फिरता स्टँड होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

ट्राममध्ये ती म्हणाली, "मावशीला माहीत होतं?"

"हो."

"सगळ्यांनाच माहीत होतं, मला सोडून. अन् आईला सोडून." मग म्हणाली, "तुमच्याशी मी आता बोलणार नाही बाबा. काही दिवस. भांडण नाही हे. गोळ्या घेतल्या का ते विचारीन."

मी अजून सहा दिवस राहिलो. ती सकाळी ऑफिसला जाताना माझ्या गोळ्या पाण्याच्या पेल्याजवळ काढून ठेवायची आणि संध्याकाळी पेला रिकामा आहे का ते पाहायची. बाकी बोललो नाही. चौथ्या दिवशी मी खिडकीशी पुस्तक वाचत होतो. तिने माझ्या फोटोच्या शेजारी एक खिळा ठोकला. वर काही लावलं नाही. म्हणाली, "तुमच्याकडे तिचा शाळेतला आहे नं, खडू हातात असलेला? तो पाठवा. फोनवर नको. कुरियरने."

नागपूरला परतल्यावर मी तो फोटो शोधला. कपाटात होता, फ्रेममध्ये. फ्रेम काढली तेव्हा दिसलं की फ्रेमवाल्याने फोटो बसवताना चारी बाजूंनी कापलाय. खडू आहे, हात मनगटापर्यंत आहे, फळ्यावर काय होतं ते गेलंय. मी तसाच पाठवला. पोचला, एवढं तिने कळवलं.

परत येताना विमानतळावर शेवटचं बोलणं झालं ते असं. मी आत जायच्या रांगेत होतो. ती म्हणाली, "ते चित्र वसंतात परत येणार आहे. मी तर पाहीनच. तुम्ही यायचं की नाही, ते मी नंतर सांगीन."

मी बरं म्हणालो.

आता फेब्रुवारी संपत आला. बेसाकडे दुपारी ऊन लागायला लागलं आहे. मेहुणी दोन दिवसांआड येते. "काही म्हणाली का गा पोरगी?" असं माझ्याऐवजी दारालाच विचारल्यासारखं विचारते. मग पंखा पुसायला स्टूल मागते. गोळ्यांबद्दल मुलगी रोज विचारते. वसंत तिकडे कधी सुरू होतो, हे मी कॅलेंडरात पाहून ठेवलं आहे. पासपोर्टची मुदत अजून आहे. यायचं की नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही.